सुझुकीचे विजेतेपद आणि गाळलेले नाव

१/ १९६२ साली सुझुकीने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. हे निव्वळ जपानी चिकाटीचे फळ होते, असे सर्रास सांगितले जाते. ही अर्धी गोष्ट झाली.

२/ उरलेली अर्धी पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊची. तेथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन हे अभियंते तुटपुंज्या साधनांवर टू-स्ट्रोक इंजिन घडवत होते. त्यांनी विकसित केलेल्या, मध्ये फुगीर असलेल्या एक्झॉस्ट नळीतून दाबाची लाट उलटी फिरे आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकले. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरमागे २००!

३/ सप्टेंबर १९६१. बर्लिनची भिंत जेमतेम महिन्याची. काडेन यांचे आघाडीचे स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे निसटले. पत्नी व मुलांना मोटारीत लपवून पलीकडे आणले गेले. लवकरच ते सुझुकीत दाखल झाले. १९६२ चे ते विजेतेपद मिळवणारे स्वार हेच.

४/ डेग्नर यांना ‘स्वातंत्र्यवीर’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद येथेच घसरतो. कुटुंबासह भिंतीपलीकडे जाणे हा गुन्हा नव्हेच. परंतु दुसऱ्याची विद्या सोबत नेणे हा निराळा प्रश्न आहे, आणि पहिल्याच्या कौतुकात दुसरा बुडवला जातो. सुझुकीच्या अभियंत्यांचे श्रम कोणी नाकारत नाही. नाकारले जातात ते काडेन यांचे.

५/ सुझुका सर्किटवर (तेही होंडाचे!) डेग्नर यांच्या नावाचे वळण आहे. त्याची छायाचित्रे हौसेने टाकणाऱ्यांना खाली ‘त्शोपाऊ’ एवढा एक शब्द लिहिणे जड का जावे?