विम्याचा हप्ता आणि वडीलधारी मंडळी

न्यू जर्सीत मोटारीचा विमा महाग, हे आपल्या बेने इस्राएल कुटुंबांस सांगावयास नको. सणासुदीस एकत्र यावयाचे तर मोटारीवाचून गत्यंतर नाही. हप्ता उतरावा म्हणून अपघातातील औषधोपचाराचे संरक्षण २,५०,००० डॉलरवरून १५,००० पर्यंत खाली आणण्याची मुभा आहे; प्रथम भार आपल्या आरोग्यविम्यावर टाकण्याचीही आहे. मात्र ही दुसरी सवलत मेडिकेअर वा मेडिकेडच्या आधारावर घेता येत नाही. आईवडिलांच्या अर्जावर मुले घाईने खुणा करतात, तेथेच घोटाळा होतो. माझ्या मते काटकसर करावयाचीच तर कर्ज फिटलेल्या जुन्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा गाळावा (पत्रा ठोकून सरळ होतो, खुबा नव्हे!) आणि तीन-चार कंपन्यांचे दर मागवावेत. नूतनीकरणाचे कागद येतील तेव्हा वडिलांजवळ बसून ते मराठीत समजावून सांगावेत, मगच सही घ्यावी.