दोहाचे मैदान आणि बीडचा कोयता

डिसेंबर 2025 मध्ये कतारमध्ये अरब देशांच्या फुटबॉल संघांची अरब चषक स्पर्धा झाली. 16 संघ उतरले. 18 डिसेंबरला लुसैलच्या भव्य मैदानावर मोरोक्कोने जॉर्डनला अतिरिक्त वेळेत 3-2 असे हरवून चषक जिंकला. ज्या जनतेने दोन वर्षे बॉम्बवर्षाव सोसला त्या पॅलेस्टाईनचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत लढला, याचा आनंद कोणत्याही न्यायप्रिय माणसाला होईल. 1963 साली बैरूतला सुरू झालेली ही स्पर्धा 2021 पासून फिफा भरवते आणि 2029 व 2033 च्या स्पर्धाही कतारलाच दिल्या आहेत.

चषक कोणी जिंकला हे साऱ्या जगाने पाहिले. ते मैदान कोणी बांधले, हा आमचा प्रश्न आहे.

ही मैदाने भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेल्या मजुरांनी बांधली. दलालाला पैसे देण्यासाठी घरी कर्ज काढायचे, तिकडे मालकाच्या ताब्यात राहायचे आणि कर्ज फिटेपर्यंत उन्हात राबायचे. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरीही बदलता येत नसे. या पद्धतीला तिकडे 'कफाला' म्हणतात. विश्वचषकाच्या मैदानांवर कामामुळे मेलेले मजूर अधिकृत हिशेबात तीनच होते. 2022 मध्ये आयोजकांच्याच प्रमुखाने एका मुलाखतीत चारशे ते पाचशे हा आकडा सांगितला आणि मग हा आकडा देशभरातील सर्व कामांचा आहे, असा खुलासा समितीला करावा लागला. माणसे किती मेली, हेही ज्यांना धड सांगता येत नाही, त्यांच्या लेखी मजुराची किंमत काय असेल?

हे वाचून बीडच्या वाचकाला नवल वाटणार नाही. कारण दोहात सामने रंगले होते त्याच डिसेंबरात केज, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या गावांतून माणसे निघून गेलेली होती. गळीत हंगाम सुरू होता. म्हातारी माणसे घरी ठेवून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर गेलेल्या होत्या. तिकडे दलाल, इकडे मुकादम. तिकडे कर्ज, इकडे उचल. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'; म्हणजे हिशेबात बाईला स्वतंत्र माणूस म्हणूनही जागा नाही. आजारपणाने एक दिवस चुकला तर खाडा. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाची बेडी आताच पायात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. तो उसाच्या फडात कधी पोहोचला?

या खाड्याच्या भीतीने काय केले, ते 2019 मध्ये उघड झाले. सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. समिती नेमली गेली, अहवाल आला, चर्चा झाली. पण कोयत्याचा हिशेब तोच राहिला.

आता फरक पाहा. कतारवर जगाचे लक्ष होते, कॅमेरे होते, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना होती. त्या दडपणाखाली 2020 मध्ये नोकरी बदलण्याची मुभा द्यावी लागली, 2021 मध्ये किमान वेतन लागू करावे लागले आणि उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करण्यावरची बंदी वाढवावी लागली. अंमलबजावणीत खोट आहेच. तरीही कायदा हलला. बीडच्या फडावर कोणता विश्वचषक होणार आहे? तेथे कॅमेरा कोण नेणार? साखरसम्राटांना जाब विचारणारी फिफा नाही. जाब आपल्यालाच विचारावा लागेल.

बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळले आणि कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा कायदा त्याच काळात झाला. साखर कारखान्याच्या आतल्या कामगाराला त्या कायद्याचे घड्याळ मिळाले. त्याच कारखान्यासाठी पहाटे अंधारात ऊस तोडणारी बाई मात्र आजही घड्याळाबाहेर आहे. कारण कारखाना म्हणतो, ही माणसे मुकादमाची; आणि मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे पुरवतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. ऊसतोड मजुराचा मालक कारखाना आहे, हे कायद्याने मान्य करा. बाईची नोंद आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर करा. फडात सर्पदंशाने किंवा ट्रॅक्टर उलटून मेलेल्या प्रत्येकाची मोजदाद करा आणि भरपाई द्या. मुलांसाठी जाहीर केलेली वसतिगृहे हंगामापूर्वी उघडा.

शेवटची मागणी सर्वांत मोठी आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापाचा मुलगा. तो शाळेत गेला, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि 2023 मध्ये आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक घेऊन आला. तो फडावर वाढे गोळा करीत राहिला असता तर कोणाला कळले असते? असे किती साबळे दर दिवाळीनंतर बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये बसून शाळेपासून दूर जातात, याचा हिशेब सरकारने द्यावा. आणि सरकार देत नसेल, तर गावोगावच्या आपल्या शिकलेल्या तरुणांनी येत्या हंगामापूर्वी घरोघर जाऊन तो स्वतः लिहून काढावा. मोजलेल्या माणसाला नाकारणे कोणत्याही सत्तेला जड जाते.