आलेल्यांची भाषा, असलेल्यांची भाषा

भिलाईच्या वैशाली नगरात माझा मुक्काम एका निवृत्त मराठी कुटुंबाकडे होता. यजमान मूळचे वर्धा जिल्ह्यातले. आयुष्यभर पोलाद कारखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर कारखान्याचे क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा इथे घर बांधले. पत्नीशी ते वऱ्हाडी वळणाच्या मराठीत बोलतात, मुलाशी निम्मी मराठी निम्मी हिंदी, आणि नातवाशी निव्वळ हिंदी. ‘आमच्यासोबतच या घरातली मराठी जाणार बघा,’ काका म्हणाले. त्याच घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई कांकेरकडच्या, मातृभाषा गोंडी. तुमच्या मुलांना गोंडी येते का, असे मी त्यांना विचारले. त्या हसल्या. ती गावाकडची बोली, शाळेत तिचे काय काम, एवढेच म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि तेच मला अधिक बोचले.

एकाच छपराखालच्या या दोन विस्मृती दिसायला सारख्या आहेत. धोरणाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, विदर्भ अशा सर्व दिशांनी माणसे आली. ‘लघु भारत’ हे बिरुद या शहराने अभिमानाने मिरवले. पण लोखंडाचे खनिज येत होते दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आणि जमीन गेली होती छत्तीसगढी शेतकऱ्यांची. लघु भारताच्या या चित्रात मूळ रहिवासी बहुधा ठेकेदाराचा मजूर म्हणूनच उमटला. बाहेरून आलेल्यांना स्थानिक माणूस ‘परदेसिया’ म्हणे. त्या शब्दात चेष्टा होती तितकीच वेदनाही होती.

आलेल्यांनी या भूमीला काही दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. मातृभाषा मराठी असलेले गजानन माधव मुक्तिबोध शेजारच्या राजनांदगावात प्राध्यापक होते आणि तिथेच राहून हिंदी कवितेला नवे वळण देत होते. बंगालमधून आलेले शंकर गुहा नियोगी खाणमजुरांत मिसळले, त्यांच्या भाषेत बोलले, आणि १८५७ मध्ये रायपूरला फाशी गेलेल्या वीर नारायण सिंह या आदिवासी जमीनदाराची स्मृती त्यांनी कामगार चळवळीत पुन्हा जागवली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली. स्थलांतरिताची ओळख आणि भूमिपुत्राची ओळख एकमेकींच्या वैरिणी असायलाच हव्यात असे नाही, हे या तिघांच्या आयुष्यांनी दाखवले आहे.

तरीही दोघींची स्थिती एक नाही. काकांच्या नातवाने मराठी सोडली तरी मराठी मरत नाही. तिच्यामागे एक राज्य आहे, विद्यापीठे आहेत, वृत्तपत्रे आहेत, आठव्या अनुसूचीतले स्थान आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात भाषेचा दर्जाही आहे. भिलाईतल्या तेलुगू वा मल्याळी घरांचेही तसेच. गोंडीच्या मागे काय आहे? २०११च्या जनगणनेनुसार ती बोलणारे सुमारे तीस लाख. पण ते छत्तीसगड, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तेलंगणा अशा राज्यांत विखुरलेले, म्हणून प्रत्येक राज्यात अल्पसंख्य. तेलुगूची ही द्राविड कुळातली बहीण आठव्या अनुसूचीबाहेरच उभी आहे. २००३च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो आत आल्या. गोंडीसाठी दार उघडले नाही. छत्तीसगढीला २००७ मध्ये राज्याने राजभाषेचा मान दिला, तरी जनगणनेच्या तक्त्यात तिचे एक कोटी साठ लाखांहून अधिक भाषक हिंदीच्याच खात्यात जमा होतात. कांकेरच्या त्या बाईंची मुले गोंडी विसरली, तर त्यांच्यासाठी ती जपून ठेवणारे दुसरे कोणतेही राज्य नाही.

मराठी वाचकाला इथे आपल्याच घराकडे पाहावे लागेल. गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदी आणण्याच्या निर्णयाविरुद्ध महाराष्ट्रात जनमत उभे राहिले आणि २९ जून २०२५ रोजी सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. कोवळ्या मुलाचे शिक्षण त्याच्या भाषेतून सुरू व्हावे, परकी भाषा त्याच्यावर लादू नये, हा आपला युक्तिवाद होता. तो बरोबर होता. पण भामरागडच्या माडिया मुलासाठी पहिलीच्या वर्गातली परकी भाषा कोणती? मराठीच. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. दिल्लीसमोर मांडलेले तत्त्व गडचिरोलीत विसरले, तर ते तत्त्व राहत नाही, केवळ सोय उरते.

यावर उत्तर ठरलेले असते: पालकांनाच इंग्रजी हवी आहे, गोंडीच्या बोली वेगवेगळ्या आहेत, लिपीवर एकमत नाही. हे आक्षेप खोटे नाहीत. पालकांची इच्छा खरी आहे; पण मातृभाषेतून वाचायला शिकलेले मूल पुढची भाषा अधिक भक्कमपणे शिकते, हे त्यांना सांगायचे कोणी? बोलीभेद मराठीतही होते आणि प्रमाण भाषा शाळेतूनच घडत गेली. लिपीचा वाद मिटेपर्यंत देवनागरीत पहिली-दुसरीची पुस्तके निघण्यास अडचण नाही. ओडिशाने सुमारे वीस वर्षांपूर्वी आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा बहुभाषी कार्यक्रम सुरू केला. म्हणजे हे अशक्य नाही.

कायदाही या बाजूचाच आहे. संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आणि २०२०च्या राष्ट्रीय धोरणात तीच दिशा आहे. उणीव आहे ती शिक्षकांची. गोंडी, माडिया, हलबी बोलणाऱ्या तरुणांसाठी त्याच तालुक्यांत पदे राखणे, पहिल्या तीन इयत्तांना द्विभाषिक पुस्तके देणे आणि ग्रामसभांच्या शाळांना नोटिशीऐवजी मान्यता देणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. २०२७च्या जनगणनेत प्रगणकाने मातृभाषा घरच्यांना विचारून लिहावी, स्वतः गृहीत धरून नव्हे, हीही छोटी गोष्ट नाही. कारण आकडा नसेल तर मागणीलाही आधार राहत नाही.

वैशाली नगरापासून फार दूर नसलेल्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाई पारधी समाजातल्या. औपचारिक शिक्षण नसताना छत्तीसगढी पंडवानी त्यांनी जगभर नेली. भिलाईच्या कारखान्याने त्यांना नोकरी दिली आणि २०१९ मध्ये देशाने पद्मविभूषण दिले. मंचावरच्या आदिवासी वाणीला आपण उभे राहून दाद देतो. तीच वाणी वर्गात पहिल्या बाकावरून बोलू लागली, की तिला गप्प करतो.

निघताना काकांना मी म्हटले, नातवाला मराठी शिकवणे अजून तुमच्या हातात आहे. त्यांनी मान डोलावली. आत भांडी घासणाऱ्या बाईंना मात्र मी असे म्हणू शकलो नाही. त्यांच्या मुलांची भाषा त्यांच्या एकटीच्या हातात नाही. ती आपण कोणती शाळा उभारतो, यावर अवलंबून आहे.