पूर्वजांचा शोध : अभिमानासाठीं कीं सत्यासाठीं?

आपलें मूळ जाणण्याची ओढ मनुष्यास स्वाभाविकच असते. ज्या अमेरिकेंतून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, त्या देशांत पूर्वजांचा शोध घेण्याचा नाद फार जुना आहे. बोस्टन येथें १८४५ मध्यें याच कार्यासाठीं एक संस्था स्थापन झाली व ती आजही चालू आहे. या शोधापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी वसाहतींच्या काळांतील पूर्वज शोधावयाचा तर मुख्य साधनें दोन. पहिलें, कुटुंबाचें पवित्र शास्त्र. जुना व नवा करार यांच्यामधील कोऱ्या पानांवर जन्म, विवाह व मृत्यु लिहून ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत होती. दुसरें, मृत्युपत्र. त्यांत पत्नी, मुलगे, विवाहित मुली व नातवंडें यांचीं नांवें सांपडतात; मागोमाग घरांतील भांड्याकुंड्यांची व गुराढोरांची यादीही न्यायालयांत दाखल होत असे.

परंतु उतावळ्या वाचकास हे कागद फसवितात. त्या काळच्या इंग्रजींत जावयाचा वाचक शब्द सावत्र मुलासही लावीत. थोरल्या मुलाचें नांव मृत्युपत्रांत नसलें, म्हणजे बापाची त्याजवर इतराजी होती असें नव्हे. त्याचा वांटा त्यास पूर्वींच मिळालेला असूं शके. १७५२ पूर्वीं तेथें वर्षारंभ २५ मार्च रोजीं होई. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याच्या पवित्र शास्त्रांत त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा नोंदलेला आहे. तोच नव्या गणनेप्रमाणें २२ फेब्रुवारी १७३२ होय.

कित्येकांस मात्र सत्य नको असतें, थोरवी हवी असते. गुस्टाव्ह अंजू (मृत्यु १९४२) नांवाच्या गृहस्थानें अशा धनिकांकडून द्रव्य घेऊन खोट्या वंशावळी रचिल्या, आणि जीं कधीं लिहिलींच गेलीं नव्हतीं अशीं मृत्युपत्रें त्यांत घातलीं. अशा शोधापेक्षां अज्ञान बरें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खरा कागद अभिमानास धक्का देतो. १७४३ मध्यें वॉशिंग्टन यांचे वडील वारले, तेव्हां अकरा वर्षांच्या मुलास वारशानें जमीन मिळाली, व तिजबरोबर दहा गुलामही मिळाले. ज्या घराण्यांत मुलाचा जन्म शास्त्राच्या पानावर आदरानें लिहिला, त्याच घराण्यांत दुसऱ्यांचीं मुलें मालमत्तेंत मोजिलीं गेलीं! पुढें १७९९ च्या आपल्या मृत्युपत्रांत वॉशिंग्टन यांनीं, पत्नीच्या मृत्यूनंतर आपल्या मालकीचे गुलाम मुक्त करावे असें लिहिलें. दोन्ही गोष्टी खऱ्या. एक सांगून दुसरी लपविणें हें असत्यच होय.

गुलामांच्या वंशजांचा मार्ग याहून बिकट आहे. १८७० पूर्वींच्या खानेसुमारींत त्यांच्या बहुतेक पूर्वजांचीं नांवेंच नाहींत. तीं मालकाच्या मृत्युपत्रांत, गाईबैलांच्या यादीशेजारीं शोधावीं लागतात. तेथें पणजीचें नांव सांपडलें असतां डोळ्यांस पाणी येईल. परंतु जिला वस्तु म्हणून लिहिलें, ती त्या क्षणीं पुन्हां कोणाची तरी आई होते.

आमच्या घरीं वंशावळ नाहीं. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहींत आजोबांचें नांव आहे. त्यामागें आम्हांस कांहीं ठाऊक नाहीं. याची पूर्वीं आम्हांस लाज वाटे. आतां वाटते ती हळहळ, कीं आजोबा हयात असतां आम्हीं त्यांस विचारिलें नाहीं.

विद्यार्थीहो, ही चूक तुम्ही करूं नका. सुटींत घरांतील वडील माणसांजवळ बसा, नांवें विचारा, लिहून ठेवा. आजीचें माहेरचें नांवही गाळूं नका. आणि पालकांस आमची विनंति कीं, मुलांनीं विचारिलें असतां मोठेपणाचें नव्हे, खरें असेल तेंच सांगावें.