हवा चांगली म्हणजे नेमकी कशी? तंबूवाल्या पाहुण्यांबद्दल थोडं स्पष्ट



दसरा झाला की आपल्या पानावर एकच प्रश्न यायला लागतो. "किनाऱ्यावर तंबू टाकून राहायचंय, कुठला महिना चांगला?" पुण्याहून विचारतात, बेळगावहून विचारतात, हैदराबादहूनही विचारतात. आता तर आपल्याच कितीतरी घरांनी भाटात चार-पाच तंबू ठेवलेत. संध्याकाळी पाहुण्यांना माशाची कढी-भात आणि सकाळी होडीतून डॉल्फिन. मासळी मिळाली नाही की त्याच पैशात घर चालतं. त्याला नावं ठेवायचा आमचा विचार नाही. उलट, हे काम बाहेरच्याने करण्यापेक्षा आपल्या माणसाने केलेलं बरं, असंच आमचं मत आहे.

बोलायचंय ते हवेबद्दल. हवा चांगली आहे की नाही, हे ठरवणार कोण, त्याबद्दल.

पाहुण्याची चांगली हवा म्हणजे पाऊस नको, घाम नको, आकाश निळं हवं आणि सूर्य बुडताना फोटोत लाल दिसायला हवा. यात त्याचं काही चुकत नाही. तो वर बघतो. आपण आधी खाली बघतो. वारा कुठून आहे, लाट लांब आहे की आखूड, आज तिथी कुठली, भरती किती वाजता. दोन्ही हिशोब बहुतेक दिवशी जुळतात. जुळत नाहीत त्या दिवशी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

पाहुणे सांगतात तोच मोसम खरा चांगला, डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवसा ऊन असलं तरी सोसवतं, रात्री पारा विशीच्या आसपास येतो, दर्या सकाळी तेलासारखा शांत. पण त्यातही पाहुण्याला न सांगितलेल्या गोष्टी असतात. दुपारपासून संध्याकाळपर्यंत खारा वारा पश्चिमेकडून येतो. पाहुणा तंबूची पाठ दर्याकडे करून खुंट्या ठोकतो आणि खूश होतो. मध्यरात्रीनंतर मतलई सुटते, जमिनीकडून दर्याकडे. तिचा जोर पहाटे असतो आणि सकाळचे नऊ-दहा वाजेपर्यंत ती टिकते. मग तोच तंबू उलट्या बाजूने फुगतो. वाळूत खुंटी धरत नाही हे आपल्या पोरालाही कळतं. पोत्यात वाळू भरून दोरीला बांधा, हे त्यांना सांगायला आपलं काय जातं? आणि दंवाचं. उघड्यावर झोपायची हौस असते, पण पहाटे चादर पिळायची वेळ येते. रापणीच्या दिवसांत होडीच्या सावलीला झोपणाऱ्यांना हे नवीन नाही.

मतलईबरोबरच येते शेकोटीची गोष्ट. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात 2019 च्या कायदादुरुस्तीपासून बंदी आहे, दंड आहे. तरी थंडी पडली की सुरूच्या वाळक्या काड्या गोळा होतातच. रात्री दहाला वारा पडलेला असतो, शेकोटी शहाण्यासारखी जळते. पाहुणे ती तशीच ठेवून झोपतात. पहाटे पूर्वेचा वारा निखारे फुलवतो आणि ठिणग्या घेऊन जातो कुठे? खाली, पुळणीवर. तिथे आपली जाळी पसरलेली असतात. नायलॉनच्या जाळ्याला एक ठिणगी पुरते, आणि एका जाळ्याची किंमत पाहुण्याच्या आठ दिवसांच्या भाड्यात निघत नाही. म्हणून शेकोटी हवीच असेल तर ती भाटात, घराच्या अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून, आणि यजमान विझवून मगच झोपायला जाणार. याला आम्ही आडमुठेपणा म्हणत नाही.

भाटात तंबू टाकतानाही वर बघून टाका. माडाची सावली सुंदर दिसते, पण वारा उठला की सुकं चुडत किंवा नारळ तंबूचं कापड विचारत नाही.

आता तिथीकडे येऊ. पाहुण्याला पौर्णिमा हवी असते. चांदणं, चमकणारा दर्या, सगळं मान्य. पण पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे मोठी भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, दुपारी एकदा आणि मध्यरात्री एकदा. पाहुणा संध्याकाळी सहाला येतो तेव्हा ओहोटी असते, समोर ही एवढी मोकळी वाळू, आणि तो म्हणतो इथेच टाकूया, पाण्याला लागून. भरती येते तेव्हा तो झोपेत. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा वाडवडिलांचा हिशोब मिनिटाला मिनिट जुळत नसेल, पण तंबू कुठे टाकू नये एवढं सांगायला तो अजूनही पुरतो. आणि बघायची ती आजच्या भरतीची खूण नव्हे. मागच्या उधाणाने काटक्या, शिंपले आणि सुकं शेवाळ जिथे आणून टाकलंय, त्याच्याही वर.

2017 आठवा. ओखी वादळ कन्याकुमारीकडून लक्षद्वीपवरून वर गुजरातच्या दिशेने गेलं. आपल्या किनाऱ्यावर ते आलंच नाही. तरी डिसेंबरच्या 3 आणि 4 तारखेला केरी, हरमल, मांद्रे, मोरजीला पाणी शॅकमध्ये शिरलं. लांबून आलेली लाट, आणि वर पौर्णिमेचं उधाण, दत्तजयंतीचा दिवस होता तो. मोसम कुठला? सगळ्या जाहिरातींत बाहेर राहायला सर्वात उत्तम म्हणून छापलेला. डिसेंबर म्हणजे डोळे मिटून होय म्हणा, असं म्हणणाऱ्यांनी ते दोन दिवस विसरू नयेत.

एप्रिल-मेचा प्रकार वेगळा. उकाडा असतो, रात्री तंबूत श्वास घेववत नाही, पण शाळांना सुट्टी, त्यामुळे कुटुंबं येतात. या दिवसांत दक्षिणेकडून, हिंदी महासागराच्या पार तळातून, हजारो किलोमीटर चालत लाट येते. तिकडे वादळ होतं आणि काही दिवसांनी इकडे लाट पोचते. इथे वारा नाही, ढग नाही, आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं. केरळचे मच्छीमार तिला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा दर्या. नाव अगदी बरोबर. मे 2024 मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर फिरायला गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी अशाच दिवसांत लाटेने ओढून नेले. दर्यात उधाण येणार असा इशारा तेव्हा दिलेला होता. हैदराबादची इन्कॉइस संस्था असे इशारे आधीच देते, आपल्या मोबाइलवर ते येतात. आपण ते वाचतो, कारण आपली होडी आहे. पाहुणा वाचत नाही, त्याच्या मोबाइलवर फक्त सूर्याचं चित्र असतं आणि खाली 33 अंश. त्या चित्राला लाट दिसत नाही.

पावसाळ्याबद्दल आम्ही फार बोलणार नाही, कारण बोलण्यासारखं कमी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच महिन्यांत. लाल बावटे लागलेले असतात. तरी 'पावसाळी कॅम्पिंग' म्हणून पॅकेज विकणारे आहेत, आणि फोटोत ते हिरवंगार छानच दिसतं. पाऊस बघायला या, जरूर या, आमच्या ओटीवर बसा, गरम पेज आणि सुकं बांगड्याचं तोंडीलावणं देऊ. पण मृग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत पुळणीवर किंवा व्हाळाच्या तोंडाशी तंबू नाही. व्हाळ वरच्या डोंगरातल्या पावसाने फुगतो, किनाऱ्यावर उघडीप असली तरी.

चवथीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा फसवा काळ. पाऊस गेला असं वाटतं, पाहुणे बुकिंग करायला लागतात, आणि संध्याकाळी पूर्वेकडून काळा ढग उठून विजा पाडतो. उघड्या पुळणीवर तंबूचा खांब हीच सर्वात उंच वस्तू. याच दिवसांत अरबी समुद्रात वादळंही होतात. 11 नोव्हेंबर 2009 च्या फयानने कोकणातल्या किती घरांतली माणसं नेली ते आपल्या नातेवाइकांना विचारा. दिवाळी होऊन गेली होती.

आता मूळ मुद्दा. पाहुण्याला समजावणं फार अवघड नाही. "काका, पाऊस तर नाही ना?" असं विचारणाऱ्याला "पाऊस नाही रे बाबा, पण ती लाट बघ, फुटताना आवाज कसा येतोय ऐक" म्हटलं की दहातले आठ ऐकतात. हातात लहान पोर असेल तर लगेच ऐकतात. अडचण मधल्या माणसाची आहे. तो शहरात बसून तीन महिने आधी तारीख विकतो, 'सकाळी डॉल्फिन, नक्की' असं लिहून देतो, आगाऊ पैसे घेतो. दर्याने त्या तारखेला काय करायचं तेही जणू त्यानेच ठरवलेलं असतं.

गेल्या मोसमात आपल्यातल्याच एका होडीवाल्याने सकाळी नाही म्हटलं. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, पण आदल्या संध्याकाळपासून लांब लाट येत होती आणि होडी पुळणीवरून काढताना आडवी होणार हे उघड होतं. मधल्या माणसाचा फोन आला, ऊन पडलंय मग नाही कशाला म्हणता, माझी लोकं परत जातील. याने नाहीच म्हटलं. पंधरा मिनिटांनी तीच लोकं शेजारच्या होडीत बसली, दोनशे रुपये जास्त देऊन. होडी गेली, भिजून का होईना परत आली, कुणाला काही झालं नाही. आणि बदनाम कोण झाला? ज्याने नाही म्हटलं तो. 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा त्याच्या नावावर पडला, आणि त्यानंतर त्याला त्या माणसाकडून एकही पाहुणा आला नाही.

आम्हाला राग त्या मधल्या माणसाचा कमी आहे. त्याचा धंदाच तो. चीड येते ती दोनशे रुपयांची. एका तांडेलाने नाही म्हटलेल्या सकाळी दुसऱ्याने हो म्हटलं, तर त्या 'नाही'ला काही किंमतच राहत नाही, आणि पुढच्या वेळी तो तांडेलही नाही म्हणणार नाही. घरी हप्ते आहेत, इंजिनाचं कर्ज आहे, तो तरी किती दिवस शहाणपणाची किंमत एकट्याने भरेल? अपघात झाला तर पोलीस होडीचा नंबर बघतात, पॅकेज कुणी विकलं ते नंतर. आणि एकदा अशी होडी उलटली की बंदी एका होडीवर येत नाही, सगळ्या किनाऱ्यावर येते.

काही सभासद म्हणतात, फार कडक झालो तर पाहुणे पुढच्या गावात जातील. जातील, काही जातील. पण जो माणूस एकदा इथे राहिला आणि ज्याला सकाळी उठवून "आज होडी नाही, चला रापण ओढायला या" असं सांगितलं गेलं, तो परत येतो हे आपण पाहिलंय. पोरांना जाळं ओढायला मिळालं, दोन तारल्या हातात आल्या, की डॉल्फिन विसरतात. फक्त हे आधी सांगायला हवं, ऐनवेळी नव्हे.

म्हणून येत्या सभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. आगाऊ पैसे घेतानाच पावतीवर लिहायचं की होडी जाणार की नाही हे त्या सकाळी तांडेल ठरवेल, आणि नाही ठरलं तर होडीचे पैसे पूर्ण परत, राहण्याचे नाहीत. एका होडीने दर्यामुळे नाकारलेला पाहुणा त्या दिवशी गावातली कुठलीच होडी घेणार नाही, आणि हे पाळायला सकाळी साडेपाचला ग्रुपवर एकच शब्द टाकायचा, 'आहे' किंवा 'नाही'. तिसरी गोष्ट, ज्याने नाही म्हटलं त्याचा त्या दिवसाचा तोटा संस्थेच्या निधीतून थोडा तरी भरून द्यायचा. किती, ते सभेत ठरवू. या तिसऱ्या गोष्टीला विरोध होणार हे आम्हाला माहीत आहे. निधी जाळ्यांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही, असं म्हटलं जाईल. त्यावर आमचं म्हणणं एवढंच की तो पैसा पाहुण्यासाठी नाही, तांडेलासाठी आहे.

सभेला होडीमालकांबरोबर घरच्या बायकांनीही यावं. तंबूंचं बुकिंग, जेवण आणि पैशांचा हिशोब बहुतेक घरांत त्याच बघतात, आणि मधल्या माणसाचा फोनही आधी त्यांनाच येतो.