व्याजाचा दर, जो आता कुणीच ठरवत नाही

दुसऱ्याचे पैसे अडकवून ठेवणाऱ्याने दावा दाखल होईपर्यंतचं व्याज किती द्यायचं? करारात दर लिहिलेला नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे कोर्ट ‘चालू व्याजदरा’पर्यंत देऊ शकतं. आणि चालू दर म्हणजे काय, तर ठेवींवर (बचत खातं वगैरे सोडून) शेड्यूल्ड बँकांनी जास्तीत जास्त किती व्याज द्यावं याचे रिझर्व्ह बँकेचे जे आदेश असतील, त्यातला सगळ्यात वरचा दर.

अहो, पण रिझर्व्ह बँकेने मुदत ठेवींचे दर ठरवणं ऑक्टोबर १९९७ मध्येच सोडून दिलं! आता प्रत्येक बँक आपला दर आपण लावते. व्याख्या मात्र बंद झालेल्या एसटीच्या थांब्यावर तशीच उभी.

कहर झाला २०१५ मध्ये. निवाड्यात वेगळं सांगितलं नसेल तर लवाद कायद्यात पुढचं व्याज सरळ १८ टक्के होतं. ते काढून संसदेने ‘चालू दरापेक्षा २ टक्के जास्त’ असं केलं. चालू दर कुठला? तोच, १९७८ च्या कायद्यातला. अठरा वर्षांपूर्वी निकामी झालेली व्याख्या नव्या कायद्यात कौतुकाने आणून बसवली. कुणी वाचलं तरी होतं का?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३४ पण तसलंच. हुकूमनाम्यानंतर व्यापारी व्यवहारात ६ टक्क्यांच्या वर जायचं आणि करारात दर नसेल, तर मर्यादा राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जदराची. राष्ट्रीयीकृत म्हणजे फक्त १९७० च्या कायद्यातल्या. स्टेट बँक त्यात नाही, १९८० च्या सहा बँकाही नाहीत.

भुर्दंड आमच्यासारख्या छोट्या ठेकेदारांना. माझ्या एका थकबाकीत मुद्दल मान्य झालं, तरी दोन तारखा नुसत्या दर कुठला यावर गेल्या. ते एका बँकेच्या एफडीचा दर दाखवतात, आम्ही दुसऱ्या. आणि त्या कामासाठी मी पतसंस्थेतून उचललेल्या कर्जाचं मीटर १४ टक्क्यांनी चालूच. न्यायाधीशांच्या विवेकावर सोडा म्हणणाऱ्यांनी एकदा या रांगेत उभं राहावं. दर नक्की नसला की ज्याच्याकडे पैसा आहे तो तारखा घेत बसतो, कारण त्याला उशीर स्वस्त पडतो.

हे अवघडही नाही. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात थकलेल्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ, असं लिहिलंय. तिप्पट नको, पण व्याज कायद्यातही ‘बँक रेट अधिक अमुक टक्के’ लिहा, आणि कलम ३४ मध्ये स्टेट बँक धरून सगळ्या सरकारी बँका घ्या. मी खासदारांना लेखी देणार आहे. व्यापारी आणि ठेकेदार मंडळींनी सह्यांना यावं.