रस्ता गाडावा, की नदी?



‘आमच्या गावची नदी’ असा निबंधाचा विषय दिला, तर ग्वाल्हेरची मुले गंगेवर लिहितात, नर्मदेवर लिहितात, क्वचित एखादा चंबळेवरही लिहितो. स्वर्णरेखेवर मात्र कोणी लिहीत नाही. विचारले, तर ‘ती नदी कुठली, तो तर नाला!’ असे उत्तर मिळते. १८५८ च्या जूनमध्ये ज्या प्रवाहाच्या परिसरात राणी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला, ज्याच्यापाशी त्यांचा घोडा अडला असे लष्कर भागातील मराठी घरांतून आजवर सांगत आले, तोच हा प्रवाह. या प्रवाहाच्या मार्गावरून उन्नत रस्ता नेण्याच्या कामाची पायाभरणी २०२२ मध्ये झाली, आणि तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला आहे. आपण नदीवर रस्ता चढवीत आहोत, आणि जगातील काही मोठ्या शहरांनी मात्र नदीकाठचे रस्ते उखडले किंवा जमिनीखाली नेले. ती शहाणी व आपण अडाणी, असे म्हटल्याने काही निष्पन्न होत नाही. त्यांनी काय केले, ते कितीला पडले आणि हाती काय लागले, हे पाहणे अधिक बरे.

मुळात रस्ते नदीकाठी गेले कसे? मोटारी वाढू लागल्या तेव्हा शहराच्या मध्यातून सलग, सपाट आणि घरे न पाडता मिळणारी जागा नदीकाठीच होती. गोद्या आणि गुदामे ओस पडत चालली होती. काठाला कोणी वाली नव्हता. पॅरिसमध्ये सेन नदीच्या उजव्या तीरावरचा द्रुतगती मार्ग १९६७ मध्ये खुला झाला, तेव्हा ती प्रगतीची खूण मानली गेली. पन्नास वर्षे होतात न होतात, तोच २०१६ मध्ये त्याच शहराने त्याचा सुमारे तीन किलोमीटरचा भाग मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन केला.

सर्वांत साधा मार्ग अमेरिकेतील पोर्टलंड शहराने दाखविला. विलामेट नदीकाठच्या हार्बर ड्राइव्ह या मार्गावरून दिवसाला सुमारे २५,००० वाहने जात असत. १९७४ मध्ये तो बंद करून उखडण्यात आला आणि तेथे उद्यान झाले. राज्यपाल टॉम मॅकॉल यांचे नाव पुढे त्या उद्यानास दिले गेले. अर्थात नवे महामार्ग आणि नवा पूल तयार झाल्यामुळेच हे धैर्य करता आले. आणि गंमत अशी की, त्याच नदीच्या पूर्वतीरावर बांधलेला महामार्ग आजही तसाच उभा आहे. एका काठाची सुटका झाली, दुसरा अडकलेलाच राहिला.

जेथे रस्ता काढून टाकणे अशक्य वाटले, तेथे तो गाडण्यात आला. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फने ऱ्हाइन नदी व जुने शहर यांच्यामधला रस्ता सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात घातला. १९९३ मध्ये तो खुला झाला आणि वरच्या जागेवर नदीकाठी फिरण्याची वाट झाली. ऐकायला हे सोपे वाटते. करणे मात्र कठीण असते. नदीकाठी थोडे खणले की पाणी लागते. म्हणून आधी खोलवर काँक्रीटच्या भिंती उतरवायच्या, मग त्यांच्यामधली माती काढायची, तळ बांधायचा, वर छत घालायचे. आणि तोवर पाण्याचा उपसा थांबवायचा नाही. पुढे धूर ओढणारे पंखे, दिवे, पंप, आगीच्या वेळी सुटकेच्या वाटा, हे सारे कायमचे मागे लागते. बोगदा म्हणजे रात्रंदिवस सांभाळावे लागणारे दुखणाईत माणूसच.

बॉस्टनचा अनुभव याची साक्ष देतो. तेथे बंदर आणि शहर यांच्यामधला १९५९ चा उन्नत महामार्ग जमिनीखाली नेण्याचे काम १९९१ मध्ये सुरू होऊन २००७ च्या अखेरीस संपले. पुलाच्या जागी उद्यानांची माळ आली, हे खरे. पण खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट होऊन सुमारे १५ अब्ज डॉलरवर गेला, आणि २००६ मध्ये बोगद्याच्या छताचे काँक्रीट मोटारीवर कोसळून एका स्त्रीचा प्राण गेला.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक शिकविणारे उदाहरण वाटते ते माद्रिदचे. मान्सानारेस ही तेथील नदी लहानशीच. स्वर्णरेखेच्या नात्यातली म्हणा ना. तिच्या दोन्ही तीरांवरून १९७० च्या दशकात शहराचा वळणरस्ता गेला, आणि नदी दोन बाजूंच्या मोटारींमध्ये कोंडली गेली. २००४ ते २००७ या काळात नदीकाठचा सुमारे सहा किलोमीटर रस्ता भूमिगत करण्यात आला, व २०११ पर्यंत त्यावर मोठे उद्यान साकारले. खर्च अब्जावधी युरोंचा. माद्रिद ही स्पेनमधील सर्वांत कर्जबाजारी नगरपालिका ठरली, त्यात या कामाचा वाटा मोठा होता. तरीही नदी परत आली होती काय? नव्हती. उद्यानाच्या मधोमध बंधाऱ्यांनी अडविलेले साचलेले पाणी होते. पुढे पर्यावरणप्रेमींनी सुचविल्यावरून २०१६ मध्ये बंधाऱ्यांचे दरवाजे उघडण्यात आले. पाणी वाहू लागले, वाळूची बेटे उघडी पडली, झुडपे उगवली आणि बगळे उतरले. अब्जावधींनी काठ मिळाला; नदी मिळाली ती दरवाजे उघडल्याने!

उलट सेऊलमध्ये पाहा. तेथील चोंग्येचोन हा ओढा काँक्रीटखाली झाकून त्यावर उन्नत महामार्ग उभारला होता. २००३ मध्ये तो पाडण्यास आरंभ झाला आणि २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा प्रवाह उघडा झाला. बसव्यवस्थाही सुधारल्यामुळे वाहतुकीचा भाकीत केलेला अनर्थ ओढवला नाही. पण त्या प्रवाहातले पुष्कळसे पाणी पंपांनी हान नदीतून आणून सोडावे लागते, आणि काठच्या फेरीवाल्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. सुंदर काम, यात शंका नाही. परंतु सौंदर्याचे बिल कोणी चुकविले, हेही विचारायला हवे.

आता दुसरी बाजू. रस्ता हवा म्हणणारे काही नदीचे वैरी नव्हेत. अरुंद बाजारपेठेत रुग्णवाहिका अडकते, मुले शाळेत उशिरा पोहोचतात, फाटकापाशी अर्धा तास जातो. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या सोसणाऱ्याला उद्यानाचे चित्र दाखवून समाधान होणार नाही. परंतु अनुभव असा की, नवा रस्ता झाला की त्यावर नवी वाहने येतात आणि काही वर्षांत कोंडी पुन्हा पूर्वपदावर येते. शिवाय आपला पाऊस युरोपसारखा बारा महिने वाटून पडत नाही. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठेच्या पात्रातले रस्ते बुडतात. वडोदऱ्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली. आठ महिने कोरडी दिसणारी जागा रिकामी असते असे नाही. ती पावसासाठी राखलेली असते.

आमचे मत विचाराल तर असे. नदीकाठचा रस्ता गाडणे हे प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्त करणाऱ्याचा आम्ही आदर करतो. पण ते करता येते म्हणून आधी पाप करावे, असे कोणी म्हणत नाही. जेथे काठ अजून मोकळा आहे, तेथे त्यावर रस्ता न आणणे हाच सर्वांत स्वस्त बोगदा. जेथे रस्ता आहे, तेथे पोर्टलंडचा प्रश्न आधी विचारावा, की याच्यावाचून भागेल काय. नाहीच भागले, तर ड्युसेलडॉर्फची वाट धरावी. आणि रस्ता होवो, न होवो, माद्रिदचा धडा सर्वांनाच लागू आहे : प्रथम नदीत पडणारे सांडपाणी थांबवा आणि पाणी वाहू द्या. त्यासाठी बोगदा लागत नाही.

इंदूरच्या खान नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत, त्या नदीकडे पाठ करून नव्हे. आपल्या पूर्वजांनी परमुलखात घरे केली, तेव्हा नदीकडे उतरणारे घाटही बांधले. त्या पायऱ्या उतरून खाली गेल्यावर काय दिसावे, एवढेच आता ठरवायचे आहे. स्वर्णरेखेवर निबंध लिहिणारा पहिला विद्यार्थी ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी त्याची वही आम्ही जपून ठेवू.